बदल, पालट आणि जुळवून घेणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणाले, "अहो, माझी मजल सातवीपर्यंत. दोन म्हणजे दोनच व्हायचे." त्या म्हणाल्या, "दोनच बोला, पण बोला." म्हणून आज शब्दांवरच बोलते.

झाले असे, की आमच्या धाकट्याला शाळेतून 'बदल' या शब्दाचे समानार्थी शब्द लिहून आणायला सांगितले होते. त्याने पालट, फेरफार, परिवर्तन असे भराभर लिहून काढले. मी पोळ्या लाटत होते. म्हटले, अरे, हे सगळे एकच कसे? आजारी माणसाला हवापालट लागते, त्याला कोणी हवाफेरफार म्हणत नाही. मामंजी वारले तेव्हा शेताला वारसांची नावे लागली. तलाठ्याकडे गाव नमुना 6 मध्ये त्याची नोंद झाली, तिला फेरफार म्हणतात. बांध तोच, आंबा तोच, कागदावरची नावे तेवढी वेगळी. पण हिशेबात फेरफार केला म्हटले की चोरीचा वास येतो! परिवर्तन हा तर सभेतला शब्द. भाजीत गुळाऐवजी साखर घातली तर परिवर्तन केले असे आपण म्हणू का?

शिवाय वस्तू बदलते तितक्या लवकर शब्द बदलत नाही. 1 एप्रिल 1957 ला सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा आला. एका आण्याचे सव्वासहा पैसे. आता तो पाव पैसा आणायचा कुठून? आमच्या आजेसासूबाई शेवटपर्यंत मनात आण्यांतच हिशेब करीत. पंचवीस पैशांचे नाणे 30 जून 2011 पासून चलनातून गेले, तरी आपण अजून 'चार आण्याची अक्कल नाही' म्हणतोच की.

असो. त्या रात्री मला झोप आली नाही, ती या शब्दांमुळे नव्हे. माझी मुलगी गेल्या वैशाखात सासरी गेली. ती नोकरी करते. पहाटे उठून पाच माणसांचे डबे करायचे, संध्याकाळी गाडीतून लोंबकळत यायचे की पुन्हा ओटा. तिचा फोन आला की मी एकच सांगत असे, "अगं, अ‍ॅडजस्ट कर." माझ्या आईने मला 'जुळवून घे' म्हणून सांगितले होते. मला वाटे, मी तेच इंग्रजीत सांगते आहे.

एके दिवशी ती म्हणाली, "आई, गाडीत तिघींच्या बाकावर चौथीला बसायचे असते, तेव्हा आपण अ‍ॅडजस्ट करा म्हणतो. तेव्हा तिघी सरकतात ना गं? इथे मी एकटीच सरकते आहे. आता बाक संपला."

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. तडजोडीत दोन्हीकडचे थोडे थोडे सोडतात. जुळवण्यालाही दोन बाजू लागतात, एकटे पाते जुळणार कशाशी? मी सोसण्याला जुळवून घेणे म्हणत होते. आणि बघा, नवी सून रुळली का, असे सगळे विचारतात. जावई रुळला का, असे कोणी विचारलेले मी तरी ऐकले नाही.

मी घरी ब्लाउज शिवते. शिवणात आत जे जास्तीचे कापड सोडतो, त्याला आपण माया म्हणतो. माया असेल तर दोन टाके उसवून ब्लाउज ढिला करता येतो. ती नसेल आणि ओढूनताणून घातला, तर तो काखेत फाटतो. मग बाईचा दंड जाड म्हणून बोलून काय उपयोग?

पुढच्या रविवारी मी विहीणबाईंकडे गेले. भांडायला नव्हे. डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. बोलायला धीर होईना, म्हणून आधी मायेची गोष्ट काढली. त्याही शिवणकाम जाणतात. बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मला तरी कुठे कोणी सोडली होती?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही दोघींनी चहा घेतला.

आता सकाळचा कुकर त्या लावतात. जावई स्वतःचा डबा भरून घेतात, पोळ्या अजून मुलीकडेच आहेत. परवा तिचा फोन आला तेव्हा "अ‍ॅडजस्ट कर" माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते गिळून मी विचारले, "आज कोण सरकले?" ती हसली आणि म्हणाली, "आज सासूबाई. उद्याचे सांगता येत नाही."

धाकट्याच्या वहीत बाईंनी तिन्ही शब्दांना बरोबर अशी खूण केली आहे. मी त्याला काही म्हटले नाही. मार्क मिळायचे तर तेच लिहायला हवे.