मर्यादा नसलेले कर्ज
(उंद्री येथील बैठकीत केलेले भाषण)



सोयाबीन-कपाशीचे बोलायचे सोडून सरकारच्या कर्जाचे हे काय घेऊन बसले, असे इथे काहींना वाटेल. कारण सांगतो. कर्जमाफीचे नाव काढले की मुंबईहून एकच उत्तर येते : तिजोरीत पैसा नाही, राज्यावर कर्ज फार झाले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सांगितले, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरून टाका. चार महिन्यांत मर्यादा आठवली. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी नागपूरच्या रस्त्यावर बसले, तेव्हा ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, असे मुख्यमंत्री म्हणाले. म्हणजे रस्ता अडला की मर्यादा सैल होते. तेव्हा ही मर्यादा आहे तरी काय, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मर्यादा म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला नको. सोसायटीचा सचिव पीकवार एकरी दर लावतो, कमाल मर्यादा पत्रक करतो आणि त्यापुढे एक रुपया मिळत नाही. थकलात तर तोही नाही. राज्य सरकारचेही असेच पत्रक आहे. घटनेच्या २९३ व्या कलमाप्रमाणे ज्या राज्याकडे केंद्राचे कर्ज बाकी आहे त्याला नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. म्हणून दरवर्षी दिल्ली आकडा ठरवून देते : राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण ३ टक्के. २०२० साली कोरोनात तो ५ टक्क्यांपर्यंत नेला, पण वाढीव कर्जातील बऱ्याचशा भागाला अटी लावून. सोसायटीचा सचिव निदान सगळ्यांना एकच पत्रक लावतो. इथे पत्रक लिहिणारा एका पक्षाचा आणि कर्ज मागणारा दुसऱ्या पक्षाचा असला की रंगत येते. केरळने डिसेंबर २०२३ मध्ये याच मर्यादेवरून केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि १ एप्रिल २०२४ ला तो पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेला.

आणि दिल्लीला मर्यादा कोण घालणार? २९२ वे कलम म्हणते, संसदेने कायदा करून घालावी. संविधान सभेत १९४९ साली यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की असा कायदा संसदेने करायला हवा, आणि केला नाही तर तो दोष संसदेचा. वित्तीय जबाबदारीचा कायदा व्हायला २००३ साल उजाडले. १९९१ साली देशाचे सोने गहाण पडले तेव्हाही तो नव्हता.

अमेरिकेत हा खेळ उघडउघड चालतो. तिथे १९१७ पासून कर्जाची कमाल मर्यादा कायद्याने ठरते. गंमत अशी की खर्च संसदेने आधीच मंजूर केलेला असतो. किराणा उधारीवर घरी आणला, खाऊनही झाला, आणि मग दुकानदाराला पैसे द्यायचे की नाही यावर दोन भावांनी भांडायचे, असा तो प्रकार. राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट असला की रिपब्लिकनांना काटकसर सुचते. २०११ साली त्यांनी इतके ताणले की एका मोठ्या पतमापन संस्थेने अमेरिकेची पतच उतरवली. २०२३ साली पुन्हा तेच. आणि जुलै २०२५ मध्ये सत्ता हाती असताना त्याच रिपब्लिकनांनी मर्यादा एका फटक्यात ५ लाख कोटी डॉलरने वाढवली.

आपल्याकडे वेगळे नाही. २०१७ साली विरोधकांनी कर्जमाफीसाठी संघर्ष यात्रा काढली, सरकारला तिजोरीची काळजी होती. पुढे तीच माणसे सत्तेत बसली, खुर्च्या बदलल्या तशी भाषणेही बदलली. विरोधी बाकावर बसलेला प्रत्येक जण राज्य कर्जात बुडाले म्हणतो, सत्तेतला प्रत्येक जण मर्यादेत आहोत म्हणतो. यात आम्ही कोणाला वगळत नाही.

आता आकडे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मार्च २०२६ अखेर राज्याचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी धरले होते, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या सुमारे १९ टक्के. सरकारची स्वतःची मर्यादा २५ टक्क्यांची. तेव्हा मर्यादा संपली, हे खरे नाही. खरी खोट दुसरीकडे आहे. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती. महसुली तूट म्हणजे घरखर्चासाठी काढलेले कर्ज. विहिरीसाठी कर्ज काढले तर विहीर फेडते. दाणापाण्यासाठी काढलेले कोण फेडणार? आणि ओढाताण झाली की पगार थांबत नाही, पेन्शन थांबत नाही, व्याज तर थांबूच शकत नाही. थांबते ते धरणाचे आणि पाटसऱ्यांचे काम.

इथे लोक लाडक्या बहिणीवर बोट ठेवतात. २०२५-२६ मध्ये त्यासाठी ३६,००० कोटी ठेवले होते. आम्ही त्या माउलीच्या १,५०० रुपयांवर बोट ठेवणार नाही. ती आपलीच माय, आपलीच बहीण. पण हिशेब मात्र मांडू. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता. बाजारात काय मिळाले ते तुम्ही जाणता. आपण ४,००० धरू. क्विंटलमागे ८९२ रुपये गेले. चार एकरांत एकरी पाच क्विंटल धरा, वीस क्विंटल. १७,८४० रुपये. घरच्या बाईला वर्षभरात जे मिळाले, जवळपास तेवढेच त्या घराच्या एका हंगामाच्या पोत्यांतून आधीच निघून गेले होते.

जगात त्या वर्षी सोयाबीन मुबलक होते, हे खरे. सगळा दोष सरकारचा, असे आम्ही कृषी पदवी घेतलेल्या माणसांनी म्हणू नये. पण सप्टेंबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्के केले आणि ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के शुल्क काढले ते डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत. हे निर्णय आभाळातून पडत नाहीत.

शहराला तेल स्वस्त मिळावे, गिरणीला कापूस स्वस्त मिळावा, असे सरकारला वाटत असेल तर त्याने तिजोरीतून पैसे मोजावेत. पण तिजोरीतून मोजले की तूट दिसते, मर्यादा आडवी येते, विरोधक ओरडतात. भाव पाडून तेच काम केले की कुठल्याच वहीत नोंद होत नाही. हे शेतकऱ्याकडून उचललेले कर्जच आहे. त्याला व्याज नाही, मुदत नाही, संसदेची परवानगी लागत नाही आणि कोणत्याही कायद्याने त्याला मर्यादा घातलेली नाही. दोन्ही पक्ष एकमेकांच्या कर्जावर भांडतात. या कर्जावर त्यांचे भांडण झालेले आम्ही पाहिले नाही.

म्हणून कर्जमुक्ती मागताना 'सरकारला परवडेल का' या प्रश्नाला दबू नका. आमची बाकी आणि तुमची बाकी एका कागदावर मांडा, मग बोलू, असे सांगा. मात्र माफीचे पैसे पाटबंधाऱ्यांच्या निधीतून वळवून देणार असाल तर तेही चालणार नाही, हेही त्याच दमात सांगा. २०१७ आणि २०१९ च्या दोन माफ्यांनंतर तिसरी मागायची वेळ आली, याचा अर्थ भाव न सुधारता माफी दिली तर ती चार-पाच वर्षे पुरते.

नुसते भाषण करून आमदार ऐकत नाही, कागद लागतो. सोयाबीन विकल्याच्या २०२४ आणि २०२५ च्या काटापट्ट्या घरोघरी खुंटीला, डब्यात, पोथीत असतील. प्रत्येक गावातून दोघांनी त्या गोळा करायच्या. नाव नको; तारीख, वजन, भाव आणि त्या दिवसाचा हमीभाव एवढेच चार रकाने. अमडापूरकडच्या गावांनी आपसात वाटून घ्यावे, चिखलीच्या बाजूचे काम उंद्रीचे लोक पाहतील. पुढच्या बैठकीला येताना भाकरीबरोबर ते कागद आणा. बेरीज आपण इथेच करू.