गुरुवारी हरलेल्यांचा शुक्रवार



मेकअप करून पडद्यामागे ताटकळलेली नृत्याची मंडळी माझ्याकडे रागानं पाहताहेत. त्यांना शब्द देतो, लांबण लावणार नाही.

आज मी नावांच्या शर्यतीबद्दल बोलणार आहे. बघा, हसलात! इथं बुलढाण्यातल्या चिखलीत पाणी म्हटलं की आपल्याला उन्हाळ्यातले टँकर आठवतात, आणि पाहुणे निघाले नाव वल्हवायला. पण ज्याची गोष्ट सांगतोय, त्याचंही गाव असंच कोरडं. दत्तू बबन भोकनळ. गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. पोरगा वडिलांबरोबर विहिरी खोदायला जायचा. २०१२ साली तो सैन्यात लागला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. वल्हं हातात आलं ते त्यानंतर. आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव रोइंगपटू होता तो! क्रमांक आला तेरावा.

गरिबीतून ऑलिंपिकपर्यंत, एवढं सांगून बहुतेक भाषणं थांबतात. मला त्याच्या पुढचं सांगायचंय.

२०१८, इंडोनेशियातलं पालेम्बांग, आशियाई स्पर्धा. २३ ऑगस्ट, गुरुवार. एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तूकडून देशाला पदकाची आशा होती. तब्येत बिघडली आणि तो सर्वांत शेवटी आला. त्या दिवशी भारताच्या एकाही रोइंगपटूला पदक मिळालं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शर्यत! या वेळी चौघांची नाव. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू, चौघेही फौजी. दोन हजार मीटर अंतर त्यांनी ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत कापलं आणि सुवर्णपदक घेतलं.

या नावेत प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असतात. सगळे पाठमोरे बसतात, शेवटची रेषा कुणाला दिसत नाही. दिसते ती फार तर पुढच्या गड्याची पाठ. चारही जणांची आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात जायला हवीत आणि एकाच क्षणी बाहेर यायला हवीत. एखाद्यानं जास्त जोर दाखवायला घाई केली, तर नाव डुलते आणि वेग मरतो. तिथं एकट्याची शाबासकी नसते. पण एकट्यानं कालचा पराभव वाहायचाही नसतो.

आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारनं २०२३ मध्ये हांगझोऊला तिरंदाजीचं आशियाई सुवर्ण मिळवलं, तेही सांघिकच. सोबत होते नागपूरचा ओजस देवतळे आणि दिल्लीचे अभिषेक वर्मा.

मुलांनो, दोन महिन्यांत तुमच्या परीक्षा येतील. कुणाचा तरी गणिताचा पेपर बिघडेलच. तो मित्र वर्गाबाहेर एकटा उभा दिसला, तर उत्तरं पडताळत बसू नका. त्याला उद्याच्या पेपरच्या अभ्यासाला घरी घेऊन जा. पालकांनो, त्या संध्याकाळी 'शेजारच्याला किती मिळतील' हे विचारू नका. पोराला जेवू घाला, झोपू द्या. आणि गुरुजनहो, आपल्याला एक विनंती: कबड्डीचा संघ हरून आला, तरी पुढच्या सामन्याची यादी लावताना चुकलेल्या पोराचं नाव खोडू नका. गुरुवारच्या निकालावरून दत्तूला वगळलं असतं, तर शुक्रवारच्या नावेत एक जागा रिकामी राहिली असती.

तुमच्यापैकी कुणी पुढं पुण्याला इंजिनिअरिंगच्या जुन्या सरकारी कॉलेजात गेलं, तर नदीकाठचा बोट क्लब जरूर बघा. तिथल्या विद्यार्थ्यांची रेगाटा १९२८ पासून चालत आली आहे. नुसती बघू नका, नावेत बसा. पोहायला मात्र आधी शिका!

आता नाच सुरू होऊ द्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!