मळ्यातला जुना टेम्पो

आमच्या गटाला भाजी बाजारात न्यायला गाडी हवी होती. शेजारच्या गावात, एका मळ्यात बाभळीखाली जुना टाटा ४०७ उभा दिसला. किंमत परवडणारी. सगळ्या म्हणाल्या, आजच इसार देऊन टाकू.

आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "बैल घेताना दात बघतो, मग गाडीचे कागद नको का बघायला?"

आरसी बुक मागितलं. चेसीवरचा नंबर पुसून ताडून पाहिला, तो जुळला. पण सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवर बँकेचा बोजा! कर्ज कधीच फिटलं होतं, नोंद तेवढी राहिली होती. मालकदादांनी बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आणून बोजा उतरवला. मगच आम्ही पैसे दिले आणि फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या.

आणखी एक. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. म्हणून भाव ठरवण्याआधी मिस्त्रीला गाडी दाखवा. दुरुस्ती, विमा, थकलेला कर, सगळं किमतीत धरा. गटाचे पैसे आठवड्याला थोडेथोडे करून जमतात, बायांनो. ते घाईत घालवू नका.