आभाळातून पडलेलं लोखंड आणि आपला पंचनामा

बचत गटाच्या बैठकीत आम्ही हप्त्यांचं बोलतो, कापसाच्या भावाचं बोलतो. आज आभाळाचं बोलणार आहोत, कारण त्याचाही आपल्या वावराशी संबंध आहे.

आठवतो का २०२२ चा गुढीपाडवा? २ एप्रिलचा दिवस. गुढी उतरवून झाली होती. रात्री पावणेआठच्या सुमारास आभाळातून आगीचे लोळ रांगेनं सरकत गेले. आम्ही सगळ्या अंगणात धावलो. कोणी म्हणालं विमान पेटलं, कोणी म्हणालं तारा तुटला. लेकरं तर आईच्या पदरात शिरली.

ते आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात पडलं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे दहा फूट रुंदीची धातूची रिंग मोकळ्या जागेत आदळली. आजूबाजूच्या शिवारात धातूचे गोळे सापडले. आपल्या समुद्रपूर तालुक्यातूनही अशी वस्तू सापडल्याची बातमी आली. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. तज्ज्ञांच्या मते हे चीननं २०२१ मध्ये सोडलेल्या रॉकेटचे तुकडे होते. उपग्रह वर पोचवून झाला की रॉकेटचा रिकामा भाग तिथंच फिरत राहतो, हळूहळू खाली येतो आणि हवेत शिरताना जळतो. जे जाड असतं, ते जळत नाही. ते जमिनीवर येतं.

सुदैवानं कोणाचा जीव गेला नाही. पण आमच्या मनात प्रश्न आला, तीच रिंग एखाद्या घरावर पडली असती तर? भरपाई कोण देणार?

याचं उत्तर आहे. १९७२ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशानं वस्तू सोडली, त्या देशानं जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची. त्याची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. भारत आणि चीन, दोघंही या करारात आहेत. १९७८ मध्ये रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा, अणुइंधनावर चालणारा उपग्रह कॅनडात पडला. कॅनडानं शोधाचा आणि सफाईचा खर्च मागितला. १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. मागितले होते त्याच्या निम्मेच, पण मिळाले.

मात्र हा दावा आपण बाया चीनकडे करू शकत नाही. तो आपल्या सरकारनं करायचा असतो, साधारण एका वर्षाच्या आत. सरकारला पुरावा कोण देणार? आपणच. म्हणून पंचनामा महत्त्वाचा.

एकट्या दुसऱ्याला दोष देऊनही चालणार नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकिनाऱ्यावर मोठा धातूचा डबा वाहून आला. तो आपल्याच रॉकेटचा निघाला. २०१९ मध्ये भारतानं आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडून पाहिला, त्याचेही तुकडे झाले. आपल्या घरचा केर शेजारणीच्या अंगणात जाऊ नये, एवढं तर आपण लेकींना शिकवतो. देशांनाही तेच शिकायचं आहे. आता २०३० पर्यंत आपल्या मोहिमांमधून अवकाशात कचरा राहू नये, असं उद्दिष्ट भारतानं ठेवलं आहे. ही चांगली गोष्ट आहे.

आता कामाचं ऐका. असं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका. टाकीत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लेकरांना आणि गुराढोरांना दूर ठेवा. पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ वर फोन करा. लांबून फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. नुकसान झालं असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. आणि ते भंगारवाल्याला मुळीच विकू नका. ती वस्तू ज्या देशाची असेल, तो देश ती परत मागू शकतो.

आमच्या गटानं ही माहिती बैठकीच्या वहीत लिहून ठेवली आहे. तुम्हीही लिहा. आभाळ सगळ्यांचं आहे, पण अंगण आपलं आहे.