बदकाचं मनोगत



मला 'आयटीतले अनुभव' यावर बोलायला सांगितलं होतं. पण इतकी वर्षं कोड लिहूनही त्यावर पाच मिनिटं बोलण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. त्यापेक्षा निम्मा वर्ग मला अजून ज्या नावाने हाक मारतो, त्या 'बदक'बद्दल बोलते.

नववीचं गॅदरिंग आठवतं ना? पप्पांची क्लॅरिनेट घेऊन मी स्टेजवर उभी राहिले, दुसऱ्याच ओळीत ती किंचाळली आणि तुमचं हसणं काही थांबेना. एक दुरुस्ती करते. प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने १९३६ मध्ये मुलांसाठी 'पीटर अँड द वुल्फ' रचलं. त्यात बदक म्हणजे ओबो, क्लॅरिनेट म्हणजे मांजर. तेव्हा इतकी वर्षं तुम्ही प्राणीच चुकवलाय!

ती का किंचाळली तेही सांगते. बासरी जोरात फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटमध्ये 'सा' धरून मागची चावी दाबली, तर निघतो वरच्या सप्तकातला पंचम. त्यामुळे मधे एक खिंड लागते. एका सुराला जवळजवळ सगळी बोटं उचललेली, तर लगेच पुढच्याला जवळजवळ सगळी एकदम खाली. एक भोक केसभर उघडं राहिलं, की बदक.

पप्पा ही खिंड झोपेतही पार करायचे. दिवसा नोकरी, संध्याकाळी वाडीचं पाणी, आणि लग्न, सण, दफन असेल तेव्हा गावच्या बँडमध्ये. आगाशीपासून गासपर्यंत त्यांनी किती वराती वाजवल्या, त्याचा हिशोब नाही. बँडमध्ये मुली नव्हत्या, तरी त्यांनी मला शिकवलं. आई म्हणायची, 'पोरीचे ओठ जाड होतील.' झाले नाहीत, बघा.

मग इंजिनीअरिंग, नोकरी, विरार लोकल. पाच तुकड्यांची ती पेटी कपाटावर गेली आणि पंधरा वर्षं तिथेच राहिली. पप्पा अधूनमधून विचारायचे, 'वाजवतेस का गं?' मी म्हणायचे, 'वेळ कुठेय, पप्पा?' लोकलमध्ये रोज चार तास उभी राहणारी बाई दुसरं काय म्हणणार. पण खरं सांगायचं तर रविवार मोकळा असायचा.

पप्पा गेले तेव्हा अख्खा बँड दारात आला. त्यांची जागा कुणी भरली नव्हती, क्लॅरिनेट एकच होती. ट्रम्पेटवाले काका हळूच म्हणाले, 'बाय, घेतेस का?' मी मान हलवली. सगळ्यांना वाटलं, पोरगी दुःखात आहे. मीही तसंच वाटू दिलं. दुःख होतंच, पण नकाराचं कारण ते नव्हतं. मला तीन ओळीसुद्धा वाजवता आल्या नसत्या. घरापासून चर्चपर्यंत मी बँडच्या मागून रिकाम्या हातांनी चालले. हे मी आजवर घरीही बोललेले नाही.

महिन्याभराने पेटी उघडली. सांध्यांचं बूच सुकून गळत होतं, भोकांवरच्या गाद्या कसरीने खाल्ल्या होत्या. तोंडाच्या भागावर पप्पांच्या वरच्या दातांच्या दोन खुणा. माझे दात त्यांत बसत नाहीत, जरा डावीकडे पडतात. दादरहून दुरुस्त करून आणली आणि चाळिशीला टेकलेली मी पुन्हा सा-रे-ग-म पासून सुरू झाले. दहा मिनिटांत जबडा भरून यायचा. खाली शेजाऱ्यांचं बाळ रडायला लागायचं. माझ्यामुळेच, बहुतेक.

पप्पांच्या नोटेशनच्या वह्यांत जागोजागी पेन्सिलने 'पां. २' लिहिलेलं आहे. बँडमधली क्लॅरिनेट एक सूर खाली बोलते. कॉयरची पेटी पांढरी एकमध्ये असेल, तर आपण पांढरी दोन धरायची. हा सरळ ऑफसेट आहे, माझ्या रोजच्या कामातला. तरी पहिल्या रविवारी मी अख्खं गीत एक सूर खाली वाजवलं. फादर काही बोलले नाहीत. ऑर्गनवाली बोलली.

आता लग्नं डीजेने नेली, पण सणाला बँड अजून निघतो. त्यात मी दुसरा भाग वाजवते. पावसाळ्यात गाद्या फुगतात, रीड वाकते. खिंडीत अजूनही महिन्यातून एकदा बदक निघतं.

शाळेची प्रार्थना वाजवायचा आग्रह झालाय, म्हणून पेटी आणली आहे. आधी रीड तोंडात धरून ओली करावी लागते, आणि ती तोंडात असताना बोलता येत नाही. तेव्हा भाषण इथेच थांबवते. पहिल्या रांगेतल्यांनी हसायचं असेल तर दुसऱ्या ओळीपर्यंत थांबा.