पट्टी आणि पिन



ऑगस्ट २०१६ मधली गोष्ट. तिरुवनंतपुरममधल्या खातेदारांच्या मोबाइलवर पैसे काढल्याचे मेसेज येऊ लागले. माणसं केरळात, कार्डं त्यांच्याच खिशात आणि पैसे निघत होते मुंबईच्या एटीएममधून! तपासात तिरुवनंतपुरममधल्या एका एटीएमच्या खोलीत वरच्या बाजूला एक उपकरण सापडलं. दिसायला आगीची सूचना देणाऱ्या यंत्रासारखं, पण आत होता कॅमेरा. पुढे या टोळीतला एक रोमानियन नागरिक मुंबईतच पोलिसांच्या हाती लागला.

यात चोऱ्या दोन होत्या, हे नीट समजून घ्यायला हवं.

पहिली चोरी कार्डामागच्या काळ्या पट्टीची. ती जुन्या कॅसेटच्या फितीसारखीच: वाचता येते, म्हणजे तिची प्रतही काढता येते. कार्डाचा नंबर, मुदत, काही सांकेतिक आकडे अशी माहिती तिच्यावर असते. कार्ड सरकवायच्या खाचेवर त्याच रंगाचा एक खोटा तुकडा चिकटवला की कार्ड आत जाता जाता पट्टी वाचली जाते. हाच स्किमर. व्यवहार नेहमीसारखा होतो, नोटाही हातात पडतात. संशय यायचा कसा?

पण पिन पट्टीवर नसतो. म्हणून दुसरी चोरी करावी लागते, कॅमेऱ्याने किंवा खऱ्या बटणांवर बसवलेल्या खोट्या बटणांनी. मग वेळा जुळवून पट्टी आणि पिन यांची जोडी लावायची आणि कोऱ्या कार्डावर नक्कल उतरवायची.

खाच हलवून बघा, असा सल्ला नेहमी दिला जातो. जरूर बघा. पण आता खाचेच्या आत बसणारे पातळ स्किमरही आले आहेत, ते हाताला लागत नाहीत. माझा भर आहे तो पिन दाबताना दुसरा हात वर आडवा धरण्यावर. मागच्या माणसाला काय वाटेल म्हणून आपण संकोचतो. अहो, कॅमेरा त्याच्याकडे नाही, छतावर आहे! बटणं फुगीर किंवा सैल वाटली, तर मात्र सरळ दुसरं एटीएम गाठा.

चिपमुळे हा धंदा बराच बसला. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते, त्यामुळे कालचा चोरून आज उपयोग नाही. नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ अखेरपर्यंत बदला, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं. पण चिपच्या कार्डावरही पट्टी उरलीच आहे आणि चिप न वाचणाऱ्या परदेशी यंत्रांवर ती चालू शकते. म्हणून परदेशी जायचं नसेल, तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवा.

आणि तरीही पैसे गेलेच तर? आधी कार्ड ब्लॉक करा, मग १९३० या हेल्पलाइनला फोन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही बँकेला कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. दोष ग्राहकाचा आहे, हे सिद्ध करायचं ते बँकेने. तेव्हा शाखेत कुणी “पिन तुम्हीच सांगितला असेल” म्हणालं, तर वाद घालत बसू नका. लेखी तक्रार द्या आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच मागून घ्या.