सभामंडपाची जमीन : घासाई आणि निगा



देवळाशी आलेला माणूस प्रथम कळसाकडे पाहतो, मग मूर्तीकडे. जमिनीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु देवळाचा जो भाग माणसाच्या अंगाला लागतो तो हाच. अनवाणी पाय तिच्यावर, दंडवत घालणाऱ्याचे कपाळ तिच्यावर आणि एकादशीच्या जागरणाला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघेही तिच्यावर. सबब जीर्णोद्धाराच्या निमित्ताने चार शब्द जमिनीविषयी बोलणे अस्थानी होणार नाही.

शेणाने सारवलेली जमीन आणि शहाबादी फरशी यांच्यामागून सिमेंटचा कोबा आला, आणि मग जागेवर ओतून घासलेले मोझॅक. संगमरवराची बारीक खडी सिमेंटमध्ये कालवून अंथरायची आणि घट्ट झाल्यावर कार्बोरंडमच्या दगडाने घासून खडीचे पोट उघडे करायचे, असा हा प्रकार. याचे मूळ इटलीतील व्हेनिसकडचे.

लोक वाखाणतात तो वरचा थर जेमतेम 10-12 मिलिमीटरचा असतो. त्याचे आयुष्य मात्र खालच्या भरावावर ठरते. मुरूम थराथराने पाणी घालून धुमसला नसेल तर तो पहिल्या दोन पावसाळ्यांत बसतो आणि वरच्या नक्षीला तडा जातो. मग दोष गवंड्यावर येतो. काचेच्या किंवा पितळी पट्ट्या घालून जमिनीचे लहान चौक पाडतात तेही शोभेपुरते नव्हे. सिमेंट आकसते, चौक मोठा असला की ते वाटेल तेथे फुटते.

आता मुख्य मुद्दा. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याहून अधिक दिवस ओल टिकली पाहिजे. मातीची आळी घालून पाणी तुंबवावे, नाहीतर भिजलेली गोणपाटे अंथरावीत. देवळांच्या कामात घोटाळा होतो तो येथेच. यात्रेची तारीख पंचांगात ठरलेली, पत्रिका छापून झालेल्या, मंडपवाल्याला विसार दिलेला. मग चौथ्या दिवशीच पाणी बंद होते. कळसाला देणगीदार मिळतो, घंटेला मिळतो. पाणी मारणाऱ्या गड्याच्या मजुरीला कोणी देणगी देत नाही आणि अंदाजपत्रकातही तो रकाना बहुधा कोराच असतो. अशी जमीन वर्षाच्या आत पिठासारखी झडू लागते.

यंत्राने घासाई करायची तर आठवडाभर थांबावे. पहिला हात 60 नंबरच्या दगडाचा. त्यात बारीक छिद्रे उघडी पडतात. ती त्याच रंगाच्या सिमेंटच्या पातळ रबडीने भरून पुन्हा पाणी द्यावे. मग 120 नंबर, शेवटी 320. घासाई नेहमी पाणी सोडूनच करावी. कोरड्या घासाईतील वाळूची धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. जमीन देवाची असली तरी छाती मजुराची आहे. घासाईचा गाळ गटारात सोडू नये, तो तेथेच दगड होऊन बसतो.

पॉलिशसाठी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड वापरतात. ॲसिड वाईट म्हणायचे आणि तेच लावायचे, हे कसे, असे कोणी विचारील. या ॲसिडाचा संगमरवरातील चुन्याशी संयोग होऊन न विरघळणारा पातळ पापुद्रा बनतो, म्हणून ते चालते. पूड विषारी आहे. मुलांपासून दूर ठेवावी.

मेण किंवा हल्ली मिळणारे सीलर लावायचे ते जमीन आतून सुकल्यावरच. हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक रात्र ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर थांबावे. ओल कोंडली की पांढरे चट्टे उठतात आणि सीलर सुटू लागते. भिंतीचा उरलेला ऑइलपेंट मात्र जमिनीला फासू नये. तो पायांखाली सोलला जातो.

नंतरची निगा सोपी आहे, पण रोजची. पायांबरोबर येणारी वाळू हीच मोठी शत्रू. दाराशी काथ्या अंथरावा, आधी झाडावे, मग साध्या पाण्याने पुसावे. संडास धुण्याचे ॲसिड जमिनीला कदापि लावू नये. सिमेंट आणि संगमरवर दोन्हींत चुना आहे, त्यामुळे ॲसिड घाण काढताना जमीनही खाते. उत्सवानंतर ‘जरा चकाचक’ करण्याच्या हौसेने एका सकाळीत पॉलिश गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. लिंबू, दही, पंचामृत सांडले तर लगेच धुवावे. नारळ फोडायला वेगळा काळा दगड बसवावा. हळदीचा डाग सोड्याने घासू नये, तो लाल होतो. ऊन येत असेल तर आपोआप फिका पडतो. समईचे तेल सांडले तर त्यावर कोरड्या रांगोळीचा जाड थर रात्रभर ठेवून सकाळी अलगद उचलावा, कारण फरफटत झाडल्यास तीच रांगोळी जमिनीवर ओरखडे पाडते. डाग राहिलाच तर दुसऱ्या रात्री पुन्हा तसेच करावे.